नेहमीचा उजवा कोपरा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
क्लबच्या सचिवांचा फोन आला. जुने मैदान मोडून तेथे नवे बांधावयाचे आहे. त्यापूर्वी २ मार्चला, रविवारी, अखेरचा सामना ठेवला आहे: माजी खेळाडू विरुद्ध हल्लीचा संघ. मी येईन का, असे त्यांनी विचारले. ज्या संघाचा सेंटर फॉरवर्ड म्हणून मी माझे तारुण्य खर्च केले, त्या संघाने मला ‘येता का’ विचारणे म्हणजे सूर्यास ‘उगवता का’ विचारणे होय. तरी सभ्यता म्हणून किंचित विचार केल्यासारखे केले व होकार दिला. सचिव म्हणाले, बरं झालं दादा, खुर्च्यांचा आकडा द्यायचा होता. खुर्च्यांचा संबंध समजला नाही.

त्याच दिवशी, दुपार.
या सामन्यास होकार देण्याचे खरे कारण केवळ येथे नमूद करतो. सौ.ने माझा एकही गोल पाहिलेला नाही. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि रविवारी तिची ड्यूटी असे. मी सायंकाळी घरी येऊन गोल तोंडी सांगत असे. ती मैदानावर एकदाच आली, माझ्या शेवटच्या सामन्यास. त्या दिवशी माझी पेनल्टी बारवरून गेली. जमीन ओली होती. तेव्हा ती म्हणाली होती, नाचता येईना अंगण वाकडे. जमीन खरोखरच ओली होती.
संकल्प: २ मार्चला सौ.ला गोल दाखविणे. बाकी सर्व गौण.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
पहाटे उठून धावण्यास प्रारंभ केला. दूधकेंद्रापर्यंत धावलो. तेथे दूधवाल्याने बसावयास स्टूल दिले. मी मागितले नव्हते.

५ फेब्रुवारी, बुधवार.
विश्रांती. व्यायामानंतर विश्रांती हा प्रशिक्षणाचा मूलभूत नियम आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
विश्रांती. कालची नीट झाली नव्हती.

८ फेब्रुवारी, शनिवार.
व्याही आले. हे आमच्याच संघाचे लेफ्ट विंगर. त्यांची मुलगी आम्ही सून म्हणून करून घेतली, हा माझ्या कारकिर्दीतील सर्वांत चुकीचा पास होय. सून उत्तम आहे. मी व्याह्यांविषयी लिहीत आहे. पूर्वी मैदानावर मी त्यांना वाटेल ते बोलत असे. आता ‘या, बसा, चहा घ्या’ असे म्हणावे लागते.
माजी खेळाडूंचे कर्णधारपद त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. मला म्हणाले, व्याहीबुवा, तुम्ही आपले पुढच्या खुर्चीत बसा, हार घ्या, हात हलवा. तेव्हा खुर्चीचा संबंध समजला. मी शांतपणे सांगितले, की मी पूर्ण नव्वद मिनिटे खेळणार आहे. त्यांना चहाचा ठसका लागला. सून पाठ चोळावयास धावली. चर्चेअंती मला उत्तरार्ध देण्याचे ठरले. दुसरा कप होईपर्यंत त्याची शेवटची पंधरा मिनिटे झाली. सौ.ने तिसरा कप विचारला नाही, हे बरे झाले.
निघताना सौ.ला म्हणाले, अहो विहीणबाई, यांचे गोल म्हणजे काय, माझा चेंडू यांच्या नडगीला लागून आत जायचा. लोक ओरडले की यांना कळायचं. सौ. हसली. व्याह्यांच्या विनोदास सौ.ने हसणे मला पसंत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
उजवा गुडघा किंचित बोलू लागला आहे. औषधांच्या दुकानातून नी-कॅप आणली. ती चढवून आरशासमोर उभा असता सौ. आत आली आणि म्हणाली, उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! मी तिला शब्दशः समजावून दिले, की हे बाशिंग नसून नी-कॅप आहे. ती म्हणाली, असेल, पण उलटी घातलीय.
माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. परंतु उलट-सुलट मला समजते. नी-कॅपवर खूण नव्हती.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
क्लबमध्ये वैद्यकीय तपासणी. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी मैदानास एक फेरी मारावयास सांगितले. मी मारली. परत आलो तेव्हा त्या जेवावयास गेल्या होत्या.
निर्णय: मी धावावयाचे नाही. केवळ एक पेनल्टी घ्यावयाची. सचिव हे सांगताना माझ्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत होते. त्यांना वाटले, मला वाईट वाटेल. वाईट कसले? हुकमाचा एक्का पहिल्याच हाताला टाकत नाहीत. पंधरा मिनिटे धावून मी जे करणार, तेच एका लाथेत करीन. सौ.लाही नेमके कोठे पाहावयाचे ते आधीच माहीत असेल. माझ्या दृष्टीने ही बढती आहे.
घरी येऊन नी-कॅप कपाटात ठेवली. जेवणात मीठ कमी होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
व्याह्यांचा फोन. इकडचे तिकडचे बोलून हळूच म्हणाले, पेनल्टी नेहमीसारखी उजव्या कोपऱ्यातच ना? मी म्हटले, अर्थात. माझा उजवा कोपरा सर्वांस ठाऊक आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
सचिवांचा फोन. दादा, उजवीकडेच ना? नक्की ना? दोनदा विचारले.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
सून वाढता वाढता म्हणाली, बाबा, तुम्ही पेनल्टी उजवीकडेच मारता ना हो? तिला आजवर फुटबॉलमध्ये काडीचाही रस नव्हता.
आता सर्व उघड आहे. व्याहीच माझा कोपरा समोरच्या गोलरक्षकास पोहोचवीत आहेत. हल्लीच्या संघाचा हा तिसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक, याला सर्व लंबू म्हणतात. वर्षभर बाकावर बसून असतो. माझी पेनल्टी अडवून त्यास नाव कमवावयाचे असणार. आणि व्याह्यांस सौ.समोर माझी फजिती हवी आहे. सून शेवटी माहेरचीच निघाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
निश्चय: डावा कोपरा. आयुष्यात प्रथमच. कोणासही सांगणार नाही. कोणी विचारले तर ‘उजवा’ असेच सांगावयाचे. गोलरक्षकास कधीही खरे सांगू नये, डोळ्यांनीसुद्धा. हा फॉरवर्डचा पहिला धर्म आहे. मी उभा जन्म तो पाळला आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
इमारतीच्या मागे दोन बादल्या ठेवून सराव. डावीकडे मारावयाचा होता. पहिला उजवीकडे गेला. दुसरा उजवीकडे. पायास वळण लागलेले असते, त्यास दोष देता येत नाही. तिसरा मात्र अचूक डावीकडे गेला आणि खालच्या मजल्यावरील शिक्षिकाबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर बसला. बाई म्हणाल्या, नातवंडांना ओरडायचं वय तुमचं, आणि तुम्हालाच ओरडायची पाळी आली. चेंडू आता त्यांच्याकडे आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार.
चेंडू नसल्याने मनातल्या मनात सराव केला. एकही चुकला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
सौ.ने नवा चष्मा आणला. लांबचे पाहण्याचा. कित्येक महिने टाळीत होती. मी विचारले, आत्ताच कसा? ती म्हणाली, गोल बघायचाय ना? मग नीट बघते. इतकी वर्षं नुसता ऐकलाय.
मी उठलो. खिडकी बंद केली. धूळ येत होती.

१ मार्च, शनिवार.
गुडघा उत्तम आहे. डावा.

२ मार्च, रविवार. सकाळ.
जमीन कोरडी. वारा नाही. सौ. तयार होऊन माझ्या आधी दाराशी उभी होती. आज सबब सांगावयास काहीही शिल्लक नाही, आणि लागणारही नाही.

त्याच दिवशी, सायंकाळ.
घडले ते क्रमाने लिहितो.
उत्तरार्ध निम्मा सरल्यावर व्याही चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्रात शिरले आणि कोसळले. त्यांच्या आसपास कोणीही नव्हते. पडण्यात ते पूर्वीपासूनच निष्णात आहेत, परंतु आज पंचांनी ते पडण्याच्या किंचित आधीच शिट्टी वाजविली. निर्णय योग्य होता, म्हणून मी खोलात गेलो नाही. ध्वनिक्षेपकावरून माझे नाव पुकारले. लोक उभे राहिले. सौ. पहिल्या रांगेत होती. चष्मा पुसत होती. तो तिने डोळ्यांवर ठेवल्याची खात्री करूनच मी पुढे निघालो.
उजव्या कोपऱ्याकडे टक लावून पाहिले, आणि मारला डावीकडे. मनात होता अगदी तसाच. लंबू डावीकडेच झेपावला. चेंडू त्याच्या पोटाखाली गेला आणि तेथेच राहिला.
लंबू उठला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. धावत येऊन कुजबुजला, आजोबा, हे काय केलंत? सगळे म्हणाले उजवीकडेच मारतात, म्हणून मी मुद्दाम दुसरीकडे उडी घेतली. तुमचा गोल व्हावा म्हणून!
मला तो आजोबा म्हणाला.
तर हा असा कट होता. मला गोल भिक्षा म्हणून वाढण्याचा. रागाने कानशिले तापली. इतक्यात पंच म्हणाले, गोलरक्षक रेषेवरून आधी हलला, पुन्हा घ्या. तो हलला नव्हता. पण पंचांशी वाद घालणे खिलाडूपणाचे नाही.
आता विचार केला. त्यास वाटणार, मी डावीकडे वळलो आहे, तर पुन्हा डावीकडेच मारणार. म्हणून उजवीकडे मारावा. मी उजवीकडे मारला. त्यालाही वाटले, की मी पुन्हा डावीकडे मारणार, म्हणून बिचारा मला वाट मोकळी करून देण्यासाठी उजवीकडे पडला. चेंडू त्याच्या छातीवर आपटला. लोकांत हशा पिकला. कोणी तरी लंबूच्या नावाने टाळ्यांचा ठेका धरला.
पंचांनी या वेळी बुटाची नाडी सुटल्याचे कारण दिले. कोणाच्या, ते सांगितले नाही.
लंबू जवळ आला, रडकुंडीस आला होता. म्हणाला, आजोबा, पाया पडतो, कुठे मारणार ते सरळ सांगा. मी उलट बाजूला जातो. नाहीतर सचिव माझी खैर ठेवणार नाहीत. व्याही मागून ओरडले, अहो सांगा त्याला! इथे काय वर्ल्ड कप चाललाय?
मी सौ.कडे पाहिले. ती पुढे झुकून, हात मांडीवर घट्ट धरून पाहत होती. एका गोलासाठी ती इतकी वर्षे थांबली आहे. मी मान गिळली. मान म्हणजे अभिमान. आणि लंबूस हळूच सांगितले: डावीकडे.
लंबूने डोळे मिटून मान डोलावली.
मी धावलो, आणि चेंडूजवळ पोहोचताच पायाने मला न विचारता उजवीकडे मारला. गोलरक्षकास खरे सांगावयाचे नसते. मी सांगितले डावीकडे, म्हणून लंबू प्रामाणिकपणे उजवीकडे झेपावला, आणि त्याच्या दोन्ही मुठींवर आदळून चेंडू बाहेर आला. तो थेट व्याह्यांच्या पुढ्यात. गोल मोकळा होता. व्याह्यांनी त्यास नुसता पाय लावला. नडगीच लावली.
गोल झाला. सौ. उभी राहून टाळ्या वाजवू लागली. ध्वनिक्षेपकावरून सांगितले, दिग्गज फॉरवर्डच्या सुंदर पासवर गोल. माझ्या संपूर्ण कारकिर्दीतील हा पहिला पास होय.
व्याह्यांनी मला मिठी मारली. वाहनतळापर्यंत सोडली नाही.

३ मार्च, सोमवार.
सकाळी सचिवांचा फोन. लंबूस पुढील सामन्यात प्रथम पसंती मिळाली आहे. प्रशिक्षक म्हणाले, एकाच दुपारी तीन पेनल्टी अडविणारा पोरगा बाकावर कशाला? त्याने माझ्यासाठी पेढे ठेवले आहेत. मी गोड खात नाही, असे सांगितले.
गुडघा भोपळ्याएवढा झाला आहे. सौ.ने बर्फ आणून शेजारी बसून धरला. तिचा हात अजूनही परिचारिकेचाच आहे. दुखते तेथे बरोबर पडतो. मी म्हटले, चष्म्याचा खर्च वाया गेला. ती म्हणाली, वाया कशाने? गोल दिसला की. पास छान दिलात.
मग तिने विचारले, त्या पोराला तुम्ही काय सांगितलंत हो कानात? मी सर्व खरे सांगितले. डावीकडे म्हणालो, उजवीकडे मारला. गोलरक्षकास खरे सांगावयाचे नसते. हा धर्म आहे, त्यास माझा इलाज नाही.
तिने बर्फ गुडघ्याच्या दुसऱ्या बाजूस फिरविला. मग म्हणाली, आणि रविवारी संध्याकाळी घरी येऊन मला सांगायचात ते? मी कुठे गोलरक्षक होते?
मी सांगितले, की सामन्याच्या गडबडीत गोलांचा आकडा थोडाफार मागेपुढे होणे शक्य आहे. मनुष्य थकलेला असतो.
ती म्हणाली, अहो, बर्फ सांडतोय, हलू नका. मी लग्नापासून निम्मेच धरत आलेय.
हे पूर्वीच समजले असते, तर दुप्पट सांगितले असते.