वय वर्षे त्र्याहत्तर, संगणकाच्या मते नऊ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वी छापखान्यात अक्षरजुळणी करणारी व आता निवृत्त, राहणार दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे घर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी केलेले एक मृत्युपत्र माझ्या संगणकात आहे. ते मला आता उघडता येत नाही, सबब ते रद्द समजावे.

हा दस्त हाताने लिहिण्याचे कारणही नोंदवून ठेवते. गेल्या रविवारी मी नवा मसुदा टाइप करून छापायला गेले, तर पडद्यावर पाटी आली: ‘छपाई सुरू करण्यासाठी पालकांना विचारा.’ माझे पालक म्हणजे माझा थोरला मुलगा. ज्याच्या नावे निम्मे घर लिहायचे, त्याचीच परवानगी काढून मृत्युपत्र छापायचे! मी प्रिंटरची वायर उपटली आणि शाईचे पेन शोधले.

कलम पहिले. मी नऊ वर्षांची कशी झाले.

गेल्या उन्हाळ्यात मी एका जुन्या संगणकासाठी परदेशातून एक सुटा भाग मागवला. पैसे माझे, खाते माझे, हौस माझी. पण बँकेत नोंदलेला फोन नंबर थोरल्याचा, कारण खाते उघडताना तो म्हणाला होता, “आई, माझाच नंबर देऊ, तुला कटकट नको.” बँकेतून त्याला फोन गेला की आपल्या आईच्या खात्यातून परदेशी व्यवहार झाला आहे, खात्री करावी. आता खात्री करायची म्हणजे आईला विचारायचे की नाही? त्याने आधी कार्ड बंद केले, मग गाडी काढली, आणि घरात पाऊल टाकताच म्हणाला, “आई, घाबरू नकोस. किती गेले ते सांग.”

“गेलं काही नाही, येतंय,” मी म्हणाले. “सुटा भाग येतोय, टपालानं.”

“सगळे असंच सांगतात, आई. फसवणारे तसंच पढवून ठेवतात. जरा फोन दे, सेटिंग बघतो.”

मी दिला. पोटच्या पोराला फोन देताना कोणी पावती करून घेत नाही. मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तोवर मी लहान झाले होते.

ज्यांना यातले कळत नाही त्यांच्यासाठी खुलासा. या खात्यांमध्ये ‘कुटुंब’ नावाची एक सोय असते. तिच्यात दोनच प्रकारची माणसे बसतात: पालक आणि मूल. म्हातारी आई हा तिसरा प्रकार ती सोय करणाऱ्यांच्या डोक्यात आलेला नाही; बहुधा त्यांना आया नसाव्यात. पालकाला मुलाचा फोन, संगणक, खरेदी, सगळे मुठीत ठेवता येते. मात्र मूल व्हायला वय कमी लागते. म्हणून थोरल्याने माझी जन्मतारीख खोडून तिथे त्याच्या मुलीची टाकली, कारण तेवढी एकच तारीख त्याला पाठ होती. माझी पाठ नव्हती हे ओघाने आलेच. तेव्हापासून मी आणि माझी नात जुळ्या बहिणी आहोत. फरक इतकाच की तिने हट्ट करून रात्री नऊपर्यंतची मुभा मिळवली आहे. माझा पडदा आठालाच काळा पडतो आणि त्यावर टोपी घातलेला चंद्र येऊन सांगतो की आता झोपायची वेळ झाली. छापखान्यात पहिला संगणक आला तेव्हा मालक त्याला हात लावायला घाबरत होते, तो मी चालू केला. त्या मला आता चंद्र झोपवतो.

हे कुलूप मला तोडता येत नाही असे कोणी समजू नये. चहा उकळेपर्यंत तोडीन. पण स्वतःच्या घरात मी चोरासारखी खिडकीतून का शिरू? ज्याने कुलूप घातले त्याने दारातून येऊन काढावे. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, “तुझ्या भल्यासाठीच आहे ना, आई. राहू दे थोडे दिवस.” त्या सोयीच्या नियमांप्रमाणे मूल अठरा वर्षांचे झाले की आपोआप मोकळे होते. तेव्हा मी ब्याऐंशी वर्षांची असेन. वाट बघायला माझी हरकत नव्हती, गुडघ्यांची आहे.

कलम दुसरे. राहते घर.

हे घर माझ्या आणि यांच्या कमाईचे आहे. माझ्यामागे ते थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे-निम्मे मिळावे. थोरल्याच्या हिश्शाला एक अट आहे. अल्पवयीन व्यक्तीने केलेले मृत्युपत्र कायद्यात टिकत नाही, हे मला वकीलबाईंनी सांगितले. तेव्हा मी नऊ वर्षांची आहे असे थोरल्याचे म्हणणे असेल, तर हा कागद फाडून टाकावा. पण मग नऊ वर्षांच्या मुलीला सेहेचाळीस वर्षांचा मुलगा कसा, तेही त्याने कोर्टाला समजावून द्यावे. वारस व्हायचे असेल तर आधी मला आई करावे लागेल. वकीलबाई म्हणाल्या, “असली अट टिकायची नाही हो.” मी म्हटले, टिकली नाही तरी चालेल, त्याने वाचली म्हणजे झाले.

धाकटीनेही शेफारून जाऊ नये. मी तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “दादाचं ऐक ना, आई. तुला कशाला हवेत हे उद्योग?” हे उद्योग! हिच्या शाळेचे सगळे प्रकल्प कोणाच्या उद्योगांवर पार पडले, हे तिने कलम चौथ्यात वाचावे.

कलम तिसरे. बँकेतली शिल्लक.

दवाखान्याची बिले भागवून जे उरेल ते दोघांत समान. बँकेला मात्र माझा निरोप द्यावा: खाते ज्याचे, फोन त्याला करावा.

कलम चौथे. पहिला संगणक.

माळ्यावर जाड पिवळट डबा आहे, तो. तो घेतला तेव्हा घरात सोफा यायचा होता. यांनी दुकानात जाऊन कापडसुद्धा पसंत केले होते. मी माझी गळ्यातली साखळी मोडली आणि हातगाडीवरून संगणक घरी आणला. हे दारात उभे राहून म्हणाले, “सवत आणलीस?” मी म्हटले, “तुमची नव्हे, माझीच समजा. दिवसभर घरात असेल आणि उलट बोलणार नाही.” सोफा पुढे कित्येक वर्षे आला नाही. पाहुणे सतरंजीवर बसले आणि माझ्या नणंदेने ते सगळ्या नात्यागोत्यात सांगितले. नणंदेला माझ्या इस्टेटीतून ती सतरंजी द्यावी.

त्या डब्यावर मी रात्रीची कामे घेतली: लग्नाच्या पत्रिका, प्रबंध, परीक्षेचे पेपर. त्यातून थोरल्याची फी गेली, धाकटीचा चष्मा आला आणि तिच्या शाळेचे प्रकल्पही त्याच्यावरच छापले गेले. निवृत्त झाल्यावर हे त्याच सवतीसमोर पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसायचे. शेवटच्या आजारपणात तर तिच्याशी माझ्यापेक्षा त्यांचेच जास्त जमले. ते गेल्यावर त्यांचा अर्धा राहिलेला डाव मी कधी बंद केला नाही. वीज जाऊन तो आपोआप गेला तेव्हा मी फार रडले. तो डबा धाकटीला द्यावा. चालू होतो. तिने तो शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात ठेवू नये, वापरावा.

कलम पाचवे. हत्यारे.

डाखकामाची सोल्डरिंगची पेन्सिल, स्क्रूड्रायव्हरचे दोन संच, मीटर, चिमटे, भिंग आणि सुट्या स्क्रूंच्या बरण्या. हे सगळे माझ्या नातीला, म्हणजे सध्याच्या जुळ्या बहिणीला. तिला भाजेल, कापेल म्हणून कोणी ते कुलपात ठेवू नये. मलाही भाजले होते.

कलम सहावे. किरकोळ.

केर काढणारा यांत्रिक चकतीसारखा प्राणी, ज्याला आम्ही लंगड्या म्हणतो, तो खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना. तो डावीकडेच वळतो, तेव्हा खोलीच्या उजव्या कोपऱ्यातून सोडावा. बोलणारा डबा मात्र कोणालाही देऊ नये. दिवा लाव म्हटले की हवामान सांगतो, आणि मी चढ्या आवाजात बोलले की ‘मला समजले नाही’ असे थंडपणाने ऐकवतो. थोरल्याने बोललेले त्याला लगेच समजते. दोघांचे चांगले जमते, तेव्हा द्यायचाच तर तो त्यालाच द्यावा.

चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानदाराला माझ्याकडून काहीही मिळू नये. मी फोनची बॅटरी बदलायला नेली, तर काउंटरवरून मान वर न करता म्हणाला, “काकू, नवाच घ्या. मोठ्या बटणांचा.” मी त्याला म्हटले, डोळे माझे शाबूत आहेत, तुमचे शिक्षण अर्धवट राहिले आहे. बॅटरी मी घरी बदलली. तो फोन अजून चालतो.

कलम सातवे. घड्याळजी.

जुने संगणक दुरुस्त करणाऱ्यांचे एक मंडळ आहे. ते कुठल्या इमारतीत भरत नाही, संगणकावरच भरते. मी तिथे पंधरा वर्षे होते. कोणाचा पडदा काळा पडला, कोणाची तबकडी अडकली, तर लोक लिहायचे, “काकूंना विचारा.” माझे वय नऊ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या यंत्राने मला कळवले की लहान मुलांना सदस्य होता येत नाही, तुमचे खाते आणि तुमचे सर्व लेखन काढून टाकण्यात आले आहे. पंधरा वर्षे लोकांना दिलेली उत्तरे. त्या दिवशी मला जे वाटले ते कायद्याच्या भाषेत लिहिता येत नाही. 

त्याच मंडळात एक निवृत्त घड्याळजी आहेत. ते दूरच्या गावी असतात. आम्ही कधी समोरासमोर भेटलो नाही, पण रोज संध्याकाळी बोलायचो. तो सुटा भाग आम्ही दोघांनी मिळून शोधला होता. थोरल्याच्या सोयीने त्यांना ‘अनोळखी व्यक्ती’ ठरवून त्यांचे निरोप अडवले. शेवटी शिंपीणबाईंच्या फोनवरून मी त्यांना फोन लावला.  माझा आवाज ऐकून ते म्हणाले, “अहो, मला वाटलं तुम्ही गेलात.”

“गेले नाही,” मी म्हणाले. “लहान झालेय.”

ते हसले. तो सुटा भाग आणि ज्याच्यासाठी तो मागवला तो जुना संगणक (माळ्यावरचा नव्हे, दुसरा), दोन्ही माझ्यामागे त्यांना पाठवावे. थोरल्याने स्वतः जाऊन पोचवावे, म्हणजे ती व्यक्ती अनोळखी राहणार नाही.

कलम आठवे. साप्ताहिक अहवाल.

हे कलम फक्त थोरल्यासाठी आहे. बाळा, मूल किती वेळ पडद्यासमोर होते, याचा अहवाल दर रविवारी संध्याकाळी सहाला तुझ्या फोनवर येतो. पूर्वी तू एक दिवसाआड फोन करायचास. “आई, वायफाय चालत नाही.” “आई, हे कुठलं बटण दाबू?” कधी नुसतेच “आई, जेवलीस का?” अहवाल यायला लागल्यापासून तुझा फोन येत नाही. तुला वाटते, आकडा आला म्हणजे आई ठीक आहे. मी तुला यात खोटे पाडू शकत नाही. आकडा येतो तोवर मी ठीकच असते.

पण एक दिवस मी जाईन. त्याच्या पुढच्या रविवारी तुला अहवाल येईल. ती सोय मी नीट वाचली आहे. तिथे लिहिलेले असेल, ‘तुमच्या मुलीने या आठवड्यात पडदा अजिबात वापरला नाही. शाब्बास!’ आणि खाली फुग्यांचे चित्र असेल. दर रविवारी येईल. मूल स्वतः संमती देईपर्यंत ते खाते बंद करता येत नाही, आणि मी संमती द्यायला नसेन. तुला दर आठवड्याला फुगे येतील, मी अठरा वर्षांची होईपर्यंत.

मला तुझा राग आला आहे. खूप आला आहे. तू मला फसलेली समजलास, आणि न विचारता समजलास. पण ते फुगे तुझ्या वाट्याला यावेत असे मला वाटत नाही. मला त्या सोयीतून मोकळे करणारे एक बटण तुझ्या फोनमध्ये आहे, ते दाब. मी जिवंत असताना दाब.

या आठवड्यात फोन, संगणक, बोलणारा डबा, सगळे बंद करून मी कपाटात चादरींखाली ठेवले आहे. हा कागद तेवढा लिहीत बसले. तेव्हा आजच्या अहवालात काय येईल हे मला माहीत आहे. तू तो वाचतोस की नुसता सरकवतोस, तेही आज कळेल.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, शाईच्या पेनाने सही करून दिले आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, दोन्ही रागाची.

ठिकाण: माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर.
दिनांक: आज रविवार, संध्याकाळ, अहवाल जाण्याच्या थोडे आधी.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: घरचा डॉक्टर. बाईंना मी तपासले आहे. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. रागात आहेत, पण राग हा आजार नाही. (सही)

साक्षीदार दुसरी: खालच्या मजल्यावरची शिंपीण. माझ्यासमोर सही झाली. (सही)

डॉक्टरची जादा नोंद, बाईंच्या सांगण्यावरून: चहापाणी होऊन साडेसहाला शिंपीणबाई सही करत असताना दाराची बेल एकसारखी वाजू लागली. बाईंचा मुलगा आला होता. तो जिना धावत चढल्यामुळे धापा टाकत होता, पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या आणि हातातल्या फोनवर फुग्यांचे चित्र होते. आईला खुर्चीत बसलेली बघून तो दारातच खाली बसला. बाई म्हणाल्या, “थांब, आधी सह्या होऊ देत.” सह्या झाल्यावर त्याने फोनमधले ते बटण शोधून काढले आणि फोन आईपुढे धरला. “तूच दाब, आई.”

बाईंनी हात मांडीवरच ठेवला.

“मी नऊ वर्षांची आहे,” त्या म्हणाल्या. “मोठ्यांच्या फोनला हात लावायचा नसतो.”

बटण त्यानेच दाबले. यंत्राने बाईंची खरी जन्मतारीख विचारली. ती त्याने आईला विचारून भरली.