म मुडद्याचा

३ फेब्रुवारी १९९२
सकाळी चहा निम्मा लुगड्यावर. आरशात पाहिलं, तोंडाची डावी बाजू लोंबतेय. माझा पोरगा संघदीप म्हणतो लकवा आहे, दवाखान्यात चल. म्हटलं, हट, हवा लागली. परवापर्यंत जाईल.

५ फेब्रुवारी
गेली नाही. मीच दवाखान्यात गेले. शालिनी मॅडम म्हणाली, चेहऱ्याची नस सुजलीय, महिना-दोन महिने कसरत करा. गाल फुगवा, शीळ वाजवा, प फ ब भ म दिवसातून तीनदा. म्हटलं, विधवा बाई शीळ वाजवेल तर मोहल्ला काय म्हणेल? ती हसली. पूर्ण तोंडाने. लई राग आला.

६ फेब्रुवारी
मोठा शोध. मेल्या, मुडद्या, भामट्या, बावळट, फुकट्या, पाजी. चांगल्या शिव्या सगळ्या ओठांच्या. नेमक्या त्याच गेल्या!
आणि २३ला अप्पासाहेबची गेटावर सभा. हा युनियनचा लीडर चार वर्षं सांगत होता, बंद मिल चालू होणार. ऐकत ऐकत आमचे दगडूजी गेले. आता म्हणतो, राजीखुशी नोकरी सोडायच्या कागदावर सही करा, बायका पापड लाटतील, घर चालेल. माझा संघदीपपण करणार म्हणे. मी भर सभेत एकच शब्द बोलणार, मुडद्या. ऐकल्यावर कोण पेन उचलतो बघते. रोज पाच वेळा कसरत. पक्कं.

९ फेब्रुवारी
कसरत राहिली. नळाला पाणी आलं होतं. काल पण आलं होतं.

११ फेब्रुवारी
शेजारचे वासुदेव भिया, मिलमधले रिटायर जॉबर, म्हणजे मुकादम. नळावर विचारतात, काय वहिनी, आजकल डोळा मारता? अरे, माझा उजवाच मिटतो, डावा मिटतच नाही! म्हटलं, तुमच्यासाठी डोळा कशाला, लाटणं आहे ना. ल, ट, ण एकदम ठणठणीत. म्हणजे आराम पडतोय.

१२ फेब्रुवारी
वासुदेव भिया इस्त्रीचा शर्ट घालून नळावर.

१५ फेब्रुवारी
मॅडमनं फुगा फुगवायला दिला. हवा डावीकडून फुस्स. म्हटलं, फुग्यालाच भोक आहे. तिनं एका फुंकेत फुगवला. भोक मधेच बुजलं असेल.

१९ फेब्रुवारी
म आला! संघदीपला उठवून ऐकवला. म्हणाला, आई, हा न आहे. म्हटलं, बारा वर्षं स्पिनिंगला होतास, कानात सूत भरलंय तुझ्या.

२२ फेब्रुवारी
मॅडम म्हणते फरक आहे, पण घाई नको, जोर लावू नका. तिला काय ठाऊक. रागात ओठ आपोआप मिळतात.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी
माईक हिसकावला. दातओठ खाल्ले, म्हणजे दातच. सगळा जोर लावला. निघालं, उडद्या!
अप्पासाहेबनं मलाच हात जोडले. माईक परत घेऊन ओरडला, सुना भाइयो? उड़द! दगडूभाई की घरवाली रोने नहीं बैठी, उड़द के पापड की बात कर रही है! लिखो, महिला मंडल में पहला नाम! मी आणखी जोरात, उडद्या! उडद्या! टाळ्या. संतापानं पापणी लवली, उजवीच. लोकांना वाटलं, डोळा मारला. शिट्ट्या. सगळ्यात मोठी वासुदेव भियाची.
त्याच हसण्यात सह्यांची रांग लागली. संघदीप नववा. सही करून आला, माझ्याकडे बघितलं नाही.

२४ फेब्रुवारी
सकाळी टेम्पोतून उडदाच्या डाळीचं पोतं आलं. वर चिठ्ठी, महिला मंडळ अध्यक्ष कौसल्याबाई. म्हणजे मी! संघदीप अंथरुणातच. आता कोणत्या ड्यूटीची वाट बघणार.
पोत्याला लाथ घातली. तोंडातून निघालं, मुडद्या.
स्वच्छ. ओठाला ओठ लागून.
पुन्हा म्हणून बघितलं. आतून संघदीप म्हणाला, हां आई, आता म आहे.
डाळ दळायला दिली.