तीन नंबरचा रॉड

६ फेब्रु. ६१, सोम.
डॉक्टरसाहेबांच्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला, त्याच्या जागी बसवायला रायपूरहून दुसरा आला. सकाळभर धुतला, तेलाच्या वाटा तारेने मोकळ्या केल्या. मी. आणि चारी पिस्टन-रॉड तोलून एका वजनाचे करायचं काम फोरमननी दिलं सुधाकरला! सुधाकर म्हणजे माझ्या बायकोचा, शांतेचा धाकटा भाऊ. तुमसरहून मीच आणला, कानस धरायला मीच शिकवली. सहा महिने पोलाद कारखान्यातल्या रशियन साहेबाच्या हाताखाली काय राहिला, मोठा कारागीर झाला. गॅरेजात इंजिनांचा वेगळा सेक्शन निघतोय, त्याला चार्जमन, म्हणजे सेक्शनचा मुख्य, एकच. बारा वर्षं मी काय झक मारली?

८ फेब्रु., बुध.
सु. ने दुर्गच्या सोनाराकडून चांदी तोलायचा तराजू आणला. सगळ्यांत हलक्या रॉडइतके बाकीचे तीन घासत बसला. शेवटी तर गुंजा टाकून पाहत होता. मी हसलो, दुसरं कोणी हसलं नाही. फोरमन म्हणाले, "देखो, इसको कहते हैं काम." मी अंगठ्याने आणि कानाने इंजिनं जुळवली, ते काम नव्हतं वाटतं.
जेवताना शां. ने तूप आधी त्याच्या भातावर वाढलं.
"कावून, मी दिसत नाई का तुले?"
"दिवसभर बारीक काम करून राहिला तो. डोये दुखतेत त्याचे."
"अन् मी काय गोट्या खेळून राहिलो?"
भांडण. उपाशीच उठलो. जळतोय मी, दुसरं काही नाही.

१० फेब्रु., शुक्र.
जेवणाच्या सुटीत शेडमध्ये कोणी नव्हतं. चारी रॉड फडक्यावर ओळीने मांडलेले. तीन नंबरचा उचलला, जाड कानशीने वीस-पंचवीस हात मारले. वरून तेलाचा हात फिरवला. कसा मारला, कावून मारला... जाऊ दे.
दुपारी त्याने इंजिनात बसवले. परत तोलले नाहीत. म्हणाला, "तुमी इथंच होते ना भाऊजी, मंग पाहाचं कायले?"

१३ फेब्रु., सोम.
इंजिन सुरू केलं. फोरमननी चहाचा ग्लास पाण्याने काठोकाठ भरून इंजिनावर ठेवला. आधी ठीक. रेस वाढवली तसं पाणी थरथरलं, मग सांडलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.
सु. चं तोंड एवढंसं झालं. फोरमनना म्हणाला, "गलती मेरी है साहब. फिर से खोलूंगा." त्यानंतर ते बरं वाटणं काही टिकलं नाही. घरी दोघंही खालमानेने जेवलो. शां. दोघांकडे पाहत होती.

१४ फेब्रु., मंगळ.
उघडलं. तोललं. तीन नंबरचं पारडं वर गेलं. सु. ने रॉड खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. माझी कानस तिरकी चालते, डावीकडे जरा जास्त खाते. शिकवताना मीच त्याला सांगितलं होतं, माझ्यासारखा मारू नको. मिनिटभर पाहत राहिला.
मग उरलेले तीन त्या रॉडइतके हलके करायला घेतले, एक माझ्यापुढे ठेवला. "हा तुमी घासा भाऊजी. दोघं लागलो तं लवकर होईन."
घासला. एवढा सरळ हात जन्मात मारला नव्हता.

१६ फेब्रु., गुरु.
ग्लासातलं पाणी जागचं हललं नाही. फोरमननी विचारलं, "किसने किया?" सु. म्हणाला, "दोनों ने."
आभार मानावेत की नाही? मला राग आला. हात याचा चांगला, नाव याचं चांगलं, आता मनही याचंच मोठं! मला ठेवलं काय देवाने?
संध्याकाळी शां. ने तूप आधी माझ्या भातावर वाढलं.
"आज कावून?"
"सुधानं सांगतलं, भाऊजींले आधी वाढ."
आणखी काय काय सांगितलंय तिला? विचारलं नाही. तूप भातात कालवत बसलो.
उद्या दहाला फोरमननी दोघांना बोलावलंय, चार्जमन ठरवायला. सु. नळावर उद्यासाठी कपडे धुतोय. न विचारता माझाही शर्ट घेऊन गेला. तीन नंबरवर कानस मी मारली, हे उद्या तिथे सांगणार की नाही, अजून ठरत नाही.