हत्तीचा पाचवा पाय

१४ ऑक्टोबर, सोमवार

फॉर्म परत आला. सही नाही. बाबांनी त्यावर आधी चष्मा ठेवला, मग चहाचा कप. फाइन आर्टच्या प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मवर आता एक गोल डाग आहे, तोही सहीच्या जागी.

"चित्रं काढून कोणाचं पोट भरलंय? बी.कॉम. कर, बँकेची परीक्षा दे." मी म्हटलं, तुम्ही पत्रिका जुळवून भरताच ना. तर म्हणाले, "आमच्या कामात चूक चालत नाही, हिमानी. तुझ्या चित्रात नाक वाकडं झालं तरी लोक वाहवा करतात." बनारसच्या अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्यात बाबांनी काढलेला मुहूर्त कधी चुकला नाही म्हणे. हे सांगणारेही बाबाच.

शाळेने आज एक योजना जाहीर केली. आम्ही बारावीची चित्रकलावाली अकरा मुलं आधी संग्रहालय बघणार, मग एकेका खऱ्या कलाकाराकडे महिनाभर शिकणार. शेवटी एकाचंच काम संग्रहालयात महिनाभर लागणार. बाबा नोटीस वाचून म्हणाले, "तुझं लागलं तर सही करतो." लागणार नाही याची खात्री असल्याशिवाय बाबा असा शब्द देत नाहीत.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

संग्रहालय. एकूण वेळ पन्नास मिनिटं. त्यातली वीस बॅनर धरून फोटो काढण्यात गेली, कारण बॅनरवर प्रिन्सिपॉलसाहेबांचा चेहरा नीट यायला हवा होता. दहा मिनिटं सुमंत सरांचं भाषण. सर आमचे चित्रकलेचे. "वस्तूशी संवाद साधा" म्हणाले. वस्तू काचेत होती आणि आमच्या वर्गातला सुश्रुत बाहेर बाकावर बसून उत्तरपत्रिका भरत होता. प्रश्न चौथा : चित्र पाहून काय वाटले? (वीस शब्द.) त्याने आत न जाताच एकोणीस लिहिले.

मी एका छोट्या हत्तीपाशी थांबले. दरबारातला, झूल घातलेला. गार्ड जवळ आला. मला वाटलं आता ओरडणार. तर हळूच म्हणाला, "पैर गिनो." मोजले. पाच! चित्रकाराने एक पाय काढला, आवडला नाही, त्यावर रंग लावून दुसरा काढला. इतक्या वर्षांत वरचा रंग विरला आणि खालचा पाय वर आला. "पढ़े-लिखे लोग आते हैं, कोई नहीं गिनता," गार्ड म्हणाला.

चूक केली आणि काचेत जाऊन बसला. भाग्यवान हत्ती.

२१ ऑक्टोबर, सोमवार

चिठ्ठ्या टाकल्या. पाच जणांना ऋतुराज सर मिळाले. पुण्याचे, केस बांधतात, परदेशात प्रदर्शनं झालीत. बाकीच्यांना मूर्तिकार. मला एकटीला विष्णु. आडनावही लिहिलेलं नव्हतं. काम : लग्नघराच्या दारावर हत्ती-घोडे रंगवणे.

रडू आलं. सुमंत सर म्हणाले, "अगं, लोककला आहे! सध्या तिलाच मागणी आहे." मग चिठ्ठी बदलून द्या म्हटलं, तर त्यांना फोन आला. फोनची घंटा मला ऐकू आली नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

विष्णुचाचांनी चार दिवस फक्त चुना लावायला दिलाय. भिंत ओली करायची, खरवडायची, चुना. ब्रशला हात लावला तर म्हणतात, "पहले दीवार से जान-पहचान करो, बिटिया."

तीस वर्षं भिंती रंगवतात. चित्राखाली नाव लिहीत नाहीत, मोबाईल नंबर लिहितात. मी विचारलं तर म्हणाले, नाव वाचून कोणी फोन करतं का? ज्या घरात पुन्हा लग्न निघतं तिथे स्वतःच जाऊन आपलं जुनं चित्र चुन्याने झाकतात. जराही वाईट वाटत नाही त्यांना. मला वाटलं.

तिकडे ऋतुराज सर चहाच्या चारशे मातीच्या कुल्हडांना लाल दोरा बांधतायत. म्हणजे मुलं बांधतायत. तेजश्रीने अर्थ विचारला. सर म्हणाले, "अर्थ प्रेक्षक घेऊन येतो." कुल्हड मात्र सुश्रुतला आणावे लागले.

६ नोव्हेंबर, बुधवार

माझे हत्ती म्हशीसारखे दिसतात. चाचा बघून म्हणाले, "हाथी को बारात में आना है, जंगल में नहीं. थोड़ा ख़ुश करो उसको." तासभर हत्तीला खूश करत बसले.

कार्तिकस्नानाला आज बाबांबरोबर पंचगंगा घाटावर गेले. मंगला गौरीच्या देवळाखालच्या गल्लीतून पाच मिनिटांत घाट येतो. बाबा नेहमीप्रमाणे लांबून वळसा घालून. "त्या गल्लीत माकडं आहेत." बनारसमध्ये माकडं नसलेली गल्ली दाखवा, मी बी.कॉम. करते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काल देवउठनी एकादशी झाली. देव उठले आणि लग्नं सुरू. चाचांकडे एका दिवसात चार भिंती. म्हणून एक मला दिली. एकटीला! "मंगला गौरी, दूसरी गली, नीला दरवाज़ा. घर में कोई न मिले तो भी शुरू कर देना."

निळं दार बाबांच्या त्या माकडांच्या गल्लीत सापडलं, कुलूप होतं. मनात शंका आली, पण भिंत ओली करून खरवडली तर चुन्याखालून गेरूचा एक पाय दिसला. हत्तीचा. म्हणजे या घराने आधी लग्न पाहिलंय, घर हेच. चुना लावला, वाळू दिला, आणि मग दोन हत्ती, मधे गणपती, कलश, वर लाल अक्षरात "शुभ विवाह". नावांची जागा चाचांसाठी रिकामी सोडली, वधूवरांची नावं तेच घालतात.

दुपारभर उभी होते. हात भरून आलाय. पण हे हत्ती खरंच वरातीत निघालेत. आयुष्यात एवढं चांगलं काढलं नव्हतं. फोटो काढून सुमंत सरांना पाठवले. हे लागेल. नक्की लागेल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चाचा बघायला आले. म्हणाले, "हाथी अच्छा है. घर ग़लत है."

मी गल्ल्या आमच्या घराकडून मोजल्या. चाचा घाटाकडून मोजतात, आणि निळं दार त्याही गल्लीत आहे. कोण कुठून मोजतं हे या गावात कोणी सांगत नाही, सगळे आपापल्या दारातून सुरू करतात.

घर लतिकामावशींचं निघालं. वय बेचाळीस. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवतात, थोरले भाऊ वेणीमाधवकाका त्यांच्याबरोबर राहतात. लग्न झालेलं नाही. ठरलं होतं, बारा वर्षांपूर्वी. त्या वेळी ही भिंत चाचांनीच रंगवली होती आणि चार दिवसांनी त्यांनीच चुना लावून पुसली. पत्रिकेत दोष निघाला म्हणून मोडलं म्हणे. माझा रंग वाळल्यावर डाव्या हत्तीच्या पोटाखाली तो जुना पाय पुन्हा वर आलाय. चाचांनी त्यावर बोट ठेवलं. "ये वाला हमारा है."

मला जमिनीत जावंसं वाटतंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

घाटावर देवदिवाळी. गल्लीत लतिकामावशींची दिवाळी. दूधवाल्याने विचारलं, "दीदी, कब है?" बँडवाला दाराच्या फटीत कार्ड खोचून गेला. दोन हलवाईही येऊन गेले. नावं रिकामी आहेत म्हणून लोक जास्तच विचारतायत.

वेणीमाधवकाका आमच्याकडे आले. बाबांना म्हणाले, "तुमच्या पोरीने आमची शोभा केली." मला वाटलं बाबा भांडतील. बाबा तर दारापाशी उभे राहून पायाकडे बघत होते. काकांना "बसा"सुद्धा म्हणाले नाहीत. ते गेल्यावर पंचांग उघडून बसले. कुठलंच पान उलटत नव्हते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सुमंत सरांनी ऋतुराज सरांना फोटो दाखवले. खरं काय झालं ते मी सांगितलं. ऋतुराज सर खुर्चीतून उठले. "नवरा नसलेल्या लग्नाची भिंत! केवढा हस्तक्षेप आहे हा! समाजाच्या तोंडावर!" मी म्हटलं, सर, गल्ली चुकली. "अबोध मनाला गल्ली बरोबर माहीत असते," म्हणाले.

शीर्षकही त्यांनीच दिलं : "अनुपस्थित वर". भिंतीचा आठ फुटी फोटो संग्रहालयात लागणार. निवड जवळजवळ पक्की. मी फक्त एक निवेदन लिहून द्यायचं, की हे घर आणि ही बाई मी विचारपूर्वक निवडली.

विचारपूर्वक! दोन ओळी लिहायच्या आणि बाबांची सही. कोणाचं काय जातं? लिहून झालं. छान लिहिलंय. वाचवत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

लतिकामावशींकडे गेले. माफी मागायला. खरं म्हणजे परवानगी मागायला, पण आधी माफी मागितली की सोपं जातं.

त्यांनी पोहे दिले. म्हणाल्या, "बारा वर्षं लोक माझ्या पाठीमागे विचारत होते, हिचं का नाही झालं. या आठवड्यात पहिल्यांदा समोर येऊन विचारलं. मी सांगितलं, होणार नाहीये, चहा घ्या. चार जणी चहा पिऊन गेल्या." हसल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा मुलगा मला आवडला होता गं. दोष आहे म्हटल्यावर कोणी पुन्हा तपासलंसुद्धा नाही."

मी फोटोचं, आठ फुटांचं, सगळं सांगितलं. त्या पोह्यातले दाणे बाजूला काढत राहिल्या. "खाली माझं नाव असेल?" नसेल, म्हटलं. "मग कोणाला कळणार नाही. फक्त बनारसला कळेल."

वेणीमाधवकाकांना सगळी भिंत पुसून हवीय. मावशी त्यांना म्हणाल्या, "दादा, अक्षरं पुसू. हत्ती राहू दे, दाराशी बरे दिसतात." मी तिथेच चुना मागवला आणि "शुभ विवाह" स्वतः झाकलं. तिसऱ्या हातानंतर दिसेनासं झालं.

२० नोव्हेंबर, बुधवार

नवं निवेदन दिलं. पूर्ण मजकूर : "मी गल्ली चुकले. घर दुसऱ्याचं होतं. त्यांना त्रास झाला, चूक माझी आहे. हत्ती विष्णुचाचांनी शिकवले. डाव्या हत्तीचा पाचवा पाय त्यांचा आहे."

सुमंत सरांनी दोनदा वाचलं. "असं लिहिलंस तर ती नुसती चूक होते, हिमानी." मी म्हटलं, चूकच आहे ती. वर्गात सगळे ऐकत होते. ऋतुराज सर म्हणाले, या मुलीत शक्यता होती. होती!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सुश्रुतचे कुल्हड संग्रहालयात लागले. चारशेपैकी तीनशे ऐंशी, बाकीचे रिक्षात फुटले. ऋतुराज सर म्हणाले, फुटलेले ठेवले असते तर आणखी बरं झालं असतं. गार्डने सुश्रुतला विचारलं, चाय कब मिलेगी?

चाचांना फोटो लागणार नाही हे सांगितलं. "दीवार तो लगी है न," म्हणाले आणि उद्याच्या भिंतीचा पत्ता दिला. या वेळी विचारून घेतलं, घाटाकडून की घराकडून.

संध्याकाळी बाबांच्या हातात माझ्या निवेदनाची कच्ची प्रत दिसली. आईने दप्तरातून काढून दिली असणार. "हे असंच दिलंस?" हो. "सगळ्या वर्गासमोर?" हो. "मग काय म्हणाले?" म्हटलं, काही नाही, कुल्हड लावले. फॉर्मचं मी विचारलं नाही. हरले ते हरले. खूप वाईट वाटतंय, ते इथे लिहिते. दुसरीकडे कुठे लिहू?

बाबा जेवले नाहीत.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उशीपाशी फॉर्म होता. सही केलेली. बरोबर चहाच्या डागात.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "लतिकेच्या पत्रिकेवर जन्मवेळ पहाटे पाचची होती. मी संध्याकाळची धरून गणित केलं. दोष नव्हता. सहा महिन्यांनी कळलं, तोवर त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालेलं." मग उपरणं घेतलं, चपला घातल्या आणि माकडांच्या गल्लीने गेले.