भलत्या टोकाला जोडलेली तार

दादा,

बाबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीनशेच्या जागी साडेतीनशे व्होल्ट येत होते. चालू यंत्रात बाबांनी हात घातला, तशी मी किंचाळले, "हात काढा!"

ट्रान्सफॉर्मरची तार भलत्याच टोकाला जोडलेली निघाली. परवा ती त्यांनीच जोडली होती, पण त्यांना आठवेना.

"कुणाचा हा गाढवपणा?"

त्यांचा चेहरा बघून मी तुझं नाव सांगितलं. भांडून घर सोडलेला तू परवा इथे कुठून येणार? ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, की त्यांनी येऊ दिलं नाही, कोण जाणे.

"लाव त्याला फोन. चांगला झापतो."

रिंग जातेय. हे पत्र मी मनातच लिहितेय, ते तुला मिळणार नाही. तरी दादा, एवढं एक खोटं बोल, "हो बाबा, मीच जोडली."

तुझी,
धाकटी