मोटर माझी हातकळ मानत नाही

३ नोव्हेंबर
माह्या विजेच्या गाडीत ब्रेकची हातदांडी बसली. वेगासाठी मी बनवलेली हातकळही लावली. उजवा पाय अपघातात गेला, म्हणून पेडल नाही, कळ. दाबली. चाक ढिम्म.
संदेश गाडीच्या तारेवरून मोटरपर्यंत पोचते. पण शेवटी पडताळणीचा आकडा लागते, आधीच्या आकड्यांवरून काढलेला. माझा चुकते. मोटर संदेश फेकून देते.
शोरूमवाला फोनवर: "मॅडम, तो हिशेब कंपनीजवळच असते. गाडी विकून टाका."
पुण्याच्या नोकरीत गाड्यांचे असेच संदेश उकलत होती मी. पाहू.

५ नोव्हें.
आकड्यांची साधी बेरीज करून पाह्यली. नाही. बेरीज उलटवून पाह्यली. नाही.
मोठा भाऊ, भिया, रविवारी गाडीले आर्णीचं गिऱ्हाईक आणते म्हणे. मले न विचारता!
"मी हाओ ना. कुठं जायचं ते सांग, नेतो."
नेतो, नेतो. मी काय कापसाचं गाठोडं हाओ? याडीनं, आमच्या मायनं, त्याच्या ताटात भाकर जराशी आदळलीच.

८ नोव्हें.
सापडलं!!
पेडलचे खरे संदेश पकडून ठेवले होते. त्यातच गाडीतल्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचाही एक. दोन्हीत सगळी शून्यं, तरी पडताळणीचा आकडा वेगळा. काहून? तर संदेशाचा ओळख-क्रमांकही हिशेबात धरतात. तो धरून काढला. जुळला. दुसरा, जुळला. सगळेच.
जॅकवर गाडी उचलून कळ दाबली. फिरलं चाक!

९ नोव्हें., रविवार
गिऱ्हाईकाले मीच सांगतलं, विकायची नाही. भिया लाल. ते गेल्यावर अंगणात म्हणे, "पुन्हा तुह्या अपघाताचा तसा फोन आला त मी काय करू, बाई?"
हे पह्यल्यांदाच बोलला.
त्याले जॅकवरच्या चाकाजवळ बसवलं. चाक फिरत असतानी मुद्दाम पडताळणीचा आकडा चुकवला. मोटरनं जोर सोडला, चाक थांबलं. "तारेत गडबड झाली त अशी थांबते. हे कुलूप नाही, राखण होय."
"आन् तुह्याकडून गडबड झाली त?"
"तुह्याकडून नाही होत काय?"
उठून गेला.

१२ नोव्हें.
सोयाबीन निघालेल्या वावरात चालवली. भिया बांधावरून ओरडे, "वळतानी हळू!" हळूच घेतलं. पण वळली मी.

२० नोव्हें., यवतमाळ
परिवहन कार्यालय. परवान्याशिवाय रस्त्यावर नको, म्हणून येतानी पेडलवर भिया. आवारात मी. साहेबांनी कळ पाह्यली, ब्रेक पाह्यला, दोन चकरा मारायले लावल्या.
"असं आधी पाहिलं नाही. वर विचारावं लागेल."
"विचारा."
"वेळ लागेल. तुम्ही बाजूला बसा, यांना गाडी सावलीत घेऊ द्या."
भिया जागचा हालला नाही. "मले कायले सांगता, साहेब? गाडी तिची हाय."
मीच घेतली, लिंबाखाली. साहेब अजून आतच हायत. मी स्टेअरिंगवर वही टेकवून लिहून राह्यली. बाजूच्या सीटवर भिया.