गयामावशीचं नाव कंसाबाहेर

परभणी, बुधवार, पौष १९५८

प्रबंधात प्रत्येक उताऱ्यापुढे कंसात आधार द्या, असं सरांनी बजावलंय. पुस्तकांचं ठीक. पण मेंढरं वळताना ओव्या गाणाऱ्या गयामावशीचा आधार द्यायचा कसा? आज पोखर्णीला जाऊन तिलाच विचारलं. तिचं नाव कंसात लिहून दाखवलं, तर उखडलीच.

"कोंडवाड्यात घालायलास व्हय मला? मी काय चुकार मेंढरू हाय?"

मग 'गयाबाई सांगतात' असं वाक्यातच लिहिलं. कंसात फक्त पोखर्णी.

"हां. गाव खुशाल कोंड, ते कुठं पळायलंय!"

संध्याकाळी भीतभीतच सरांपुढे कागद ठेवला. चालेल का हे? सर मनापासून हसले.

"अगदी रीतसर आहे. सगळीकडे असंच करा."

म्हणजे अख्खा प्रबंध पुन्हा उतरवायचा! तरी लय आनंद झालाय.